टाक्यात पहिलं कोण उतरणार

मिलके, इकडे ये. दाराशी अशी पाव्हणीसारखी घुटमळू नकोस. जवळ बस आणि मुकाट्यानं ऐक, कारण आज मला तुला रागवायचंय. वैशाखात येते म्हणालीस. एकदा नाही, दर खेपेला म्हणालीस, आणि गेलीस ती भलतीकडेच, तीही फाल्गुनात. तुझा भाचा बेनी अलिबागेहून सायकल मारत आला, ओटीवर टेकला, पाणी मागून प्यायला आणि म्हणाला, "गोदामावशी, आत्या गेली." मी विचारलं, "आता कुठे गेली?" तुझं जाणं म्हणजे बोटीनं जाणं, एवढंच मला ठाऊक. तो रिकामा तांब्या हातात फिरवत बसला, तेव्हा उमगलं.

रडले. किती रडले ते मी सांगायची नाही, शेजारी विचार. पण रडून डोळे पुसले आणि पहिला विचार काय आला म्हणतेस? आता टाक्याचं काय. हसलीस ना? मला माहीतच होतं. हस बाई, तुझ्या हसण्यावर मी कधी रागावले नाही.

टाकं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पण लिहायला बसलेच आहे तर नीट लिहिते, कारण हे उद्या माझ्या नाती वाचतील आणि त्यांना नळाशिवाय पाणी येतं हेच खरं वाटणार नाही. आपल्या गावामागच्या डोंगरात, गुंफांच्या शेजारी, अखंड कातळ पोखरून केलेलं ते टाकं. तोंड लहान, चौकोनी, आणि पोट केवढं मोठं. डोंगरावर पडलेला पाऊस कातळात कोरलेल्या पन्हळींतून वाट काढत त्या तोंडात येऊन पडतो. चार महिने भरायचं, आठ महिने प्यायचं. खाली गावात विहिरी आहेत, पण खाडी जवळ. चैत्र लागला की त्यांचं पाणी मचूळ होतं. त्यात डाळ शिजत नाही, चहा नासतो, आणि पाव्हण्यापुढं तांब्या ठेवायची लाज वाटते. उन्हाळ्यात गावाचं तोंड गोड राहायचं ते टाक्यामुळे.

आणि वैशाखाच्या शेवटी, पाणी घोट्याएवढं उरलं की टाकं उपसायचा दिवस. उरलेलं पाणी फेकायचं नाही, कळशी कळशी करून माडांच्या आळ्यात घालायचं. मग सगळ्यांनी आत उतरून वर्षाचा गाळ काढायचा, भिंती नारळाच्या काथ्यानं घासायच्या. सगळ्यांनी, पण आधी तुमच्या घरच्या सुनेनं उतरायचं. तुम्ही शनिवारतेली. घाण्याचं तेल काढणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे इस्राएली. तेल तुमचं, म्हणून दिवा तुमचा. दिवा दोराला बांधून आत सोडायचा, ज्योत टिकली की तुमच्या सुनेनं खाली पाय टाकायचा, आणि तिनं खालून हाक दिल्याशिवाय बाकीच्यांनी तोंडाजवळसुद्धा यायचं नाही. कोणी घालून दिला हा मान, कोणाला माहीत. तू म्हणायचीस, "मान कसला गं, आतली हवा कुंद आहे का ते बघायचं, आणि मरायला पुढे कोण, तर तेल्याची सून." पण म्हणताना पदर असा खोचायचीस की एखाद्या राणीनं खोचावा.

आपण दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. ओळख झाली तीच मुळी टाक्याच्या काठावर. तुझा पहिला वैशाख. कातळातल्या खोबण्यांत पाय अडकवत तू खाली गेलीस आणि तुझा आवाजच येईना. तुझ्या सासूबाई वरून म्हणाल्या, "काय गं, पोचलीस का?" बऱ्याच वेळानं खालून तुझा कापरा आवाज आला, "आत्याबाई, इथं आणखी एक बाई आहे. मी बोलले की माझंच बोलते." सासूबाई म्हणाल्या, "मग तिलाही घमेलं दे. दोघी मिळून लवकर उरकाल." सगळा डोंगर हसला. मी तर अशी हसले की माझ्या सासूनं मला चिमटा काढला. तू वर आलीस ती चिखलानं माखलेली, आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणालीस, "तूच हसत होतीस ना सगळ्यात मोठ्यानं? चल, आता तू उतर." तेव्हापासून आपलं जमलं.

देश स्वतंत्र झाला आणि पुढच्या दोन-चार पावसांत तुझ्या मुलांच्या मनानं तिकडचा ध्यास घेतला. तुमचा तो जुना देश, नव्यानं उभा राहिलेला. आधी थोरला गेला, मग धाकट्यानं तुम्हा दोघांना नेलं. निघताना सगळं वाटलंस. घाणा विकला, पाटा-वरवंटा मला दिला, टाक्यात सोडायची समई चांगुणाला, कोंबड्या आबा पाटलांकडे. रेवदंड्याच्या धक्क्यावर मी तुला विचारलं, "सगळं दिलंस, पण टाक्यात आता पहिलं कोण उतरणार?" तू म्हणालीस, "कोण म्हणजे? मीच. येते की वैशाखात." आणि मचव्यात चढलीस.

आता आपल्या लोकांचं डोकं बघ. पहिल्या वर्षी सगळं गाव तुझी वाट बघत बसलं आणि पाऊस आला. दुसऱ्या वर्षी आबा पाटील म्हणाले, गावचा पाटील मी, मान माझ्या सुनेकडे येतो. कोळीवाड्यातली चांगुणा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "समई माज्या घरात हाय आबा. दिवा ज्याचा, उतार त्याचा." सुतार म्हणाले, पन्हळींची डागडुजी आम्ही करतो, आमचं काहीच नाही का. कोणी कोणाला उतरू देईना, आणि दुसऱ्याचा मान मोडून उतरायचं पाप कोणी डोक्यावर घेईना. मचूळ पाणी पितील, पण मान सोडणार नाहीत. तुझ्या माघारी आम्ही एवढं मात्र पाळलं की शनिवारी टाक्याकडे भांडायलासुद्धा कोणी गेलं नाही. आताच्या पोरांना वाटतं ते शनिदेवामुळे. मी त्यांना सांगत नाही.

गाळ वर वर येत गेला. आधी पाणी चैत्रातच संपायला लागलं, मग होळीलाच गाळ दिसायला लागला.

मधेच बेनी तुझा निरोप घेऊन आला. "आत्यानं कळवलंय, तिच्या गावामागे मोठं बोर आहे. मावशीला मुद्दाम सांग म्हणाली." मला केवढा आनंद झाला. वाळवंटात का होईना, बोर आहे, म्हणजे सावली आहे, म्हणजे बाई सुखात आहे. मी उलट निरोप धाडला, बोरं मीठ लावून वाळव, बोरकूट करून पाठव. तुझं उत्तर काय आलं, तर आत तीस माणसं बसतील एवढं आहे ते. चांगुणा बराच वेळ विचार करून म्हणाली, "तीस मान्सं बसतील येवडं बोर? मंग आतली आटी केवडी आसंल गं?"

मग तू आलीस. बेनीच्या लग्नाला, पण कार्तिकात. मी म्हटलं, अगं वैशाख कुठे, कार्तिक कुठे? तू म्हणालीस, नवरीच्या बापाला विचार. केस पांढरे झाले होते, पायात बूट, पण लुगडं नऊवारीच. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला डोंगरावर ओढून नेलंस आणि टाक्याच्या काठावर फतकल मारून बसलीस.

"गोदे, तिकडच्या भाषेत टाक्याला बोर म्हणतात."

मी म्हटलं, "म्हणजे बोरकूट?"

तू इतकी हसलीस की पाय भरल्या टाक्यात घसरून तुझ्या बुटात पाणी गेलं. मग हसू आवरून सगळं सांगितलंस. पहिले कित्येक महिने तुला तिथं करमेना. सिमेंटची घरं, ना तुळस ना माड, शेजारीण मोरोक्कोची, तिचं बोलणं तुला कळेना आणि तुझं तिला. पाऊस येतो तो वर्षाकाठी थोडे दिवस, पाव्हण्यासारखा. एकदा दोघी काटक्या गोळा करायला गावाबाहेर गेलात. उघडी टेकडी, गवताची काडी नाही, आणि कातळात एक चौकोनी तोंड. शेजारीण घाबरून मागं सरली. तू मात्र पालथी पडून आत डोकावलीस आणि म्हणालीस, "कोण आहे?" आतून तुझ्याच आवाजात कोणीतरी मराठीत विचारलं, कोण आहे.

"त्या दिवसापासून मला तिथं झोप लागायला लागली बघ," तू म्हणालीस.

किती सांगितलंस त्या दिवशी. तिथले जुने लोक म्हणे उंटांवरून धूप-मसाल्याचा व्यापार करायचे. हजार-दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. वाळवंटात नदी नाही, झरा नाही, तर त्यांनी आभाळालाच धरलं. टेकडीवरचे दगड वेचून त्यांचे बांध घातले, की पडेल तो थेंब त्यांच्याच वाटेनं उतरावा. पाणी टाक्यात पडायच्या आधी एका खड्ड्यात थांबायचं, माती खाली बसवायचं, मग निवळ होऊन पुढे. आतून चुना आणि राखेचा गिलावा, म्हणजे पाझर नको. आणि तोंड एवढंसं, की ऊन आत जाऊ नये आणि शत्रूला दिसू नये. मी म्हटलं, शत्रूचं ठाऊक नाही, पण बाकी सगळं आपल्यासारखंच की.

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून तसंच आहे, मिलके, त्याचा निकाल न लावता तू उठून गेलीस.

तू म्हणालीस, "आमच्याकडचे व्यापारी चौलच्या बंदरात यायचे. त्यांनीच तुम्हाला शिकवलं असणार."

"आमच्याकडचे? तू कालपर्यंत आमच्याकडची होतीस ना गं?"

"तेच तर. दोन्हीकडची आहे म्हणून खरं ते सांगते."

मी सांगितलं, गुंफेतली अक्षरं वाचायला शहरातले एक साहेब आले होते. त्यांनी वाचून दाखवलं की कुठल्याशा गृहस्थाच्या बायकोनं पुण्य लागावं म्हणून हे टाकं खोदवलं, डोंगरात राहणाऱ्या साधूंसाठी. म्हणजे आमच्याच बायका हुशार, तुझ्या उंटवाल्यांनी इथं पाणी पिताना बघितलं आणि घरी जाऊन नक्कल केली. तू म्हणालीस, उंटवाला बायकोची नक्कल करेल, पण कबूल करणार नाही, म्हणून त्यानं कुठं लिहून ठेवलं नसेल. याचं उत्तर मला आता सुचलंय, पण तू आल्यावर सांगेन.

मग तुझ्यातली तेल्याची सून जागी झाली. जवळचा बांबू उचलून टाक्यात घातलास. काठोकाठ हिरवंगार पाणी, आभाळ त्यात, आणि बांबू अर्धासुद्धा गेला नाही तो रुतला.

"गोदे, यात पाणी कमी आणि चिखल जास्त आहे."

मी सगळं सांगितलं. आबांचं, चांगुणाचं, सुतारांचं. तू भडकलीस. "माझ्या मानासाठी टाकं बुजवताय होय? तिथं माणसं थेंबाथेंबासाठी डोंगर झाडून काढायची आणि तुम्ही भरल्या टाक्यात माती साठवताय?"

"मग सोड मान," मी म्हटलं. "आत्ता खाली चल, आबांच्या ओटीवर उभी राहा आणि सांग, हा मान मी अमक्याला दिला. उद्याच्या वैशाखात टाकं साफ होईल."

बुटातलं पाणी काढलंस, बूट उन्हात ठेवलेस. खाली गावात कोणीतरी मासे सुकत घालत होतं, कावळ्यांना हाकलत होतं, ते बघत बसलीस. मग म्हणालीस, "घर गेलं, घाणा गेला. मान सोडला तर या गावात माझं काय राहिलं गं?"

मला तूही हवी होतीस आणि पाणीही. मी म्हटलं, "बरं. वैशाखात ये मग." तू म्हणालीस, येते. आणि त्यानंतर दर वर्षी मी गावाला थोपवून धरलं. ती येणार आहे, थांबा. चांगुणा म्हणायची, "गोदाबाय, तुजी मैतरीण येईल तवर आमी खारट होऊन जाऊ." जाऊ दे, खारट माणसं टिकतात, असं म्हणून मी वेळ मारून न्यायचे. पण घरी सुना लांबच्या वाडीतून पाणी आणायच्या, डोक्यावर हंडा, पायाखाली तापलेली वाट, आणि माझ्याकडे बघायच्या. त्या बोलायच्या नाहीत, हेच जड जायचं.

तर फाल्गुनात तू गेल्याचं कळलं, आणि सुतक-दुखवट्याचे दिवस सरले न सरले तो आबांनी देवळात बैठक बोलावली. "मानकरी बाई वारली, वाईट झालं. पण मान मोकळा झाला. आता ठरवून टाकू." आणि जे काय भांडण पेटलं म्हणतेस. इतक्या वर्षांचं साचलेलं. पाटलांची सून, कोळीवाडा, सुतार, आणि आता चौथे गुरवही. चांगुणानं तुझी समईच आणून मधे ठेवली. आबा म्हणाले, समई काय, उद्या कोणी तुझी कोंबडी आणेल. "कोंबड्या तुमीच खाल्ल्या," चांगुणा म्हणाली. मी बघत होते. वैशाख डोक्यावर आलेला आणि हे वर्षही असंच जाणार.

आणि मला एकदम सुचलं. आमच्यात पूजेला नवरा-बायको जोडीनं बसतात. बायको माहेरी असली, नवरा मुंबईला असला, तर त्याच्या पाटावर सुपारी ठेवतात. सुपारी बसली म्हणजे माणूस बसला. मी उठून घरी गेले, डब्यातली एक रोठा सुपारी काढली, चांगली गोल, टणक, थोडीशी तुझ्यासारखीच, आणि आणून समईपुढं ठेवली. "ही मिल्का. टाक्यात पहिली ही उतरेल. मान जिथं होता तिथंच आहे."

आबा घसा खाकरून म्हणाले, "गोदावहिनी, सुपारी जित्या माणसाची मांडतात. मेलेल्याची नाही."

"मेली ती तिकडे," मी म्हटलं. "या गावात तिला मेलेली कोणी बघितलंय?"

आबांनी इकडेतिकडे बघितलं. चांगुणा म्हणाली, "न्हाय बा. आमी तर तिला बोटीत चढतानाच बगितली. म्हातारीचा मुद्दा बरोबर हाय." सुतार म्हणाले, सुपारीपुढं आमची काही हरकत नाही, पाटलांपुढं आहे. आबांना तरी दुसरं काय हवं होतं? मान चांगुणाकडे गेला नाही, एवढ्यावर ते खूश. जो तो दुसऱ्याला मिळाला नाही म्हणून खूश झाला. एवढ्या वर्षांत हे मला का सुचलं नाही, याचं मलाच नवल वाटतंय.

तुमच्यात चालेल की नाही, ते मी बेनीला विचारलं हो. न विचारता केलं असं म्हणू नकोस. तो जरा विचारात पडला, मग म्हणाला, "आम्ही नवस फेडताना मलिद्याला पोहे-नारळ मांडतोच. सुपारी बसवा, पण पूजा नको, हळदकुंकू नको." म्हणून तुला तशीच कोरी बसवली. बेनीला सुट्टी रविवारी, म्हणून रविवार धरला.

तुझी मजा सांगते. टोपलीत खाली केळीचं पान, त्यावर तू, शेजारी तेलाचा दिवा. दोर कोणी धरायचा यावरून पुन्हा तोंडं उघडणार, तेवढ्यात बेनी म्हणाला, आत्या जाड होती, सगळ्यांनीच धरा. पाटलांची सून, चांगुणा, सुतारीण, तिघींनी एकाच दोराला हात लावले आणि तुला खाली सोडलं. अंधारात ज्योत लहान लहान होत गेली, पण टिकली. मी काठावर पालथी पडून हाक मारली, "मिलके, पोचलीस का?" खालून आलं, पोचलीस का. बेनीनं तोंड दुसरीकडे केलं. मग चांगुणा ओरडली, "हवा बरी हाय का गं?" आणि सगळ्या बायका हसायला लागल्या, आणि हसत हसत उतरल्या.

बाई गं, काय तो चिखल. घमेली वर येतात, रिकामी खाली जातात, पुरुषांची रांग डोंगराच्या पायथ्यापर्यंत, सगळा गाळ भाताच्या खाचरांत आणि माडांच्या बुंध्याशी. कोळणींनी गाणी धरली, तुझ्या नावाची कडवी घातली, त्यातली काही मी इथं लिहू शकत नाही. तळ लागला तेव्हा दुपार कलली होती. आणि तळात, बरोबर तोंडाखाली, एक गोल खोलगट खड्डा निघाला, घडीव, गुळगुळीत. आपण इतकी वर्षं उतरलो पण वर्षाचा गाळ काढून थांबायचो, तो खाली दगडासारख्या घट्ट गाळानं भरलेला असायचा, म्हणून आपल्याला तो कधी दिसलाच नाही. गाळ तिथं येऊन बसावा आणि शेवटचं पाणी पोहऱ्याला निवळ मिळावं म्हणून केलेला. मी सुपारी त्या खड्ड्याच्या काठावर ठेवून तुला दाखवला तो. तुझ्या उंटवाल्यांकडे असा आहे का, ते विचारायचं राहिलं. भांडणात मला उपयोगी पडेल.

संध्याकाळी बेनीच्या बायकोनं मलिदा केला होता. पोहे, ओला नारळ, गूळ, सगळ्यांच्या हातावर. आबांनी दोनदा घेतला.

आता श्रावण आहे. टाकं भरलंय, खरंखुरं भरलंय, परवा बांबू घातला तो पुरला नाही, दुसरा जोडावा लागला. सुना माझ्याशी बोलायला लागल्या आहेत, जरा जास्तच. मिलके, तुला तिकडेच ठेवलं, माती तिकडची दिली, हे मला अजून पटत नाही, पण तिथल्या त्या टेकडीवर थोडा जरी पाऊस पडत असेल तर तुला वाईट वाटायचं कारण नाही. तुला मान सोडायला लावला नाही, याचं मला किती बरं वाटतं ते तुझ्यासमोर बोलता आलं नसतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, पुरे गं.

पण एक सांगते. सुपारी सगळं करते, फक्त भांडत नाही. मी बोलते आणि ती ऐकून घेते, आणि तुझ्याबद्दल असं कोणी म्हणायचं नाही. तिला मी तांदळाच्या डब्यात ठेवली आहे, कडुनिंबाचा पाला घालून, पण या दमट हवेत किती टिकेल ते तुला माहीत आहे. तेव्हा वैशाखाची वाट बघू नकोस, कार्तिकात ये, आणखी कधी ये, पण सुपारीला कीड लागायच्या आत येऊन जा.